फुर्टवेंग्लर आणि बीथोव्हेन : ध्वनिमुद्रिकांची साक्ष

चित्रकाराने कुंचला खाली ठेवला की चित्र पुरे होते. शिल्पकाराची छिन्नी थांबली की मूर्ती सिद्ध होते. पाश्चात्त्य संगीतरचनाकाराचे मात्र तसे नाही. त्याने लिहून ठेवलेली स्वरलिपी हा केवळ एक लेख असतो. तो लेख वाचून शेकडा वादकांकडून नादात उतरवून घेणारा कोणी भेटेपर्यंत रचना कागदावर मुकीच राहते. हे काम वाद्यवृंदाच्या संचालकाचे. भारतीय शास्त्रग्रंथांच्या परिभाषेत सांगायचे, तर स्वरलिपी हे सूत्र आणि संचालक हा भाष्यकार होय. सूत्र एकच असते. परंतु त्याच ब्रह्मसूत्रांवर शंकराचार्यांचे भाष्य एक आणि रामानुजाचार्यांचे दुसरे, आणि दोन्ही मूळ सूत्रांशी आपण एकनिष्ठ असल्याचेच सांगतात.

लुडविग फान बीथोव्हेन याने नऊ सिंफनी रचल्या. पहिली १८०० साली व्हिएन्ना येथे प्रथम वाजली आणि नववी ७ मे १८२४ रोजी त्याच शहरात. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या नऊ सूत्रांवर अनेक थोर भाष्ये झाली. १८४६ साली ड्रेस्डेन येथे रिखार्ड वाग्नरने नवव्या सिंफनीचे संचालन केले, तेव्हा जर्मनीत तिच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटू लागली असे म्हणतात. पण ते संचालन आज कोणाला ऐकता येणार? त्याचे वर्णन उरले, नाद विरून गेला. ही स्थिती पालटली ती ध्वनिमुद्रणाच्या शोधाने. १९१३ साली आर्थर निकिश या संचालकाने बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून पाचवी सिंफनी वाजवून घेऊन ती तबकड्यांच्या आठ बाजूंवर मुद्रित करविली. संपूर्ण सिंफनीच्या अगदी आरंभीच्या मुद्रणांत तिची गणना होते. तेव्हापासून भाष्यकाराचे भाष्यही इतिहासाचे साधन झाले.

या साधनाचे मोल किती आणि त्यात धोके कोणते, हे पाहायचे असेल, तर निकिशच्याच जागी पुढे आलेल्या विल्हेल्म फुर्टवेंग्लर या संचालकाच्या बीथोव्हेन-मुद्रिकांइतके बोधप्रद उदाहरण दुसरे सापडणे कठीण. एकट्या पाचव्या सिंफनीची त्याची १९२६, १९३७, १९४३, १९४७ आणि १९५४ अशा निरनिराळ्या वर्षांची मुद्रणे उपलब्ध आहेत. स्वरलिपी तीच, संचालक तोच, आणि पहिल्या चारांत तर वाद्यवृंदही तोच. पालटला तो काळ; आणि या अठ्ठावीस वर्षांत जर्मनीवर जो काळ येऊन गेला, त्याची नोंद जगाच्या स्मृतीतून सहसा पुसली जाणार नाही.

फुर्टवेंग्लरचा जन्म २५ जानेवारी १८८६ रोजी बर्लिन येथे झाला. त्याचे वडील आडोल्फ फुर्टवेंग्लर हे ग्रीक पुरातत्त्वाचे ख्यातनाम पंडित. मुलाचे बालपण म्युनिक येथे ग्रीक शिल्पांच्या आणि जर्मन काव्याच्या सहवासात गेले. संचालक होण्याची त्याची मूळ इच्छा नव्हती. आपण रचनाकार आहोत, अशीच त्याची अखेरपर्यंत समजूत होती. परंतु १९२२ साली निकिश निवर्तला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बर्लिन फिलहार्मोनिक आणि लाइप्झिगचा गेवांडहाउस या दोन्ही वाद्यवृंदांची सूत्रे त्याच्या हाती आली. वाग्नर, हान्स फान ब्यूलो, निकिश या परंपरेचा तो वारस ठरला.

या परंपरेचे मुख्य सूत्र असे, की लय ही घड्याळाच्या टिकटिकीसारखी एकसारखी नसते. रचनेचा भाव जसा वळतो, तशी ती श्वासासारखी पसरते आणि आकसते. याउलट दुसरी एक विचारसरणी त्याच काळात इटालीच्या आर्टुरो टोस्कानिनी याने प्रतिष्ठेला नेली. रचनाकाराने लिहिले आहे तेच आणि तेवढेच वाजवावे, हा तिचा आग्रह. या वादाला बीथोव्हेननेच खतपाणी घातले आहे. मेट्रोनोम हे लयमापक यंत्र निघाल्यावर १८१७ साली त्याने तोवरच्या आठही सिंफनींच्या लयींचे आकडे छापून प्रसिद्ध केले. ते आकडे बरेच जलद आहेत. टोस्कानिनी त्यांच्या जवळ जाण्याचा यत्न करी. फुर्टवेंग्लर त्यांना फारसे मानीत नसे. नवव्या सिंफनीचा संथ तिसरा खंड टोस्कानिनीच्या १९५२ सालच्या मुद्रणात सुमारे चौदा मिनिटांत आटोपतो. फुर्टवेंग्लरला त्यास वीसएक मिनिटे लागतात. ख्यालगायनात एकच बंदिश कोणी मध्य लयीत मांडतो, कोणी अतिविलंबित लयीत. परंतु तेथे लय निवडण्याचा अधिकार गायकाला परंपरेनेच दिलेला असतो. येथे रचनाकाराचा आकडा समोर छापलेला असताना तो अधिकार संचालकाने घ्यावा काय, हा तंटा आजही मिटलेला नाही.

फुर्टवेंग्लरच्या हातातील छडीचा इशारा अस्पष्ट असे. ती थरथरत खाली येई आणि नेमक्या कोणत्या क्षणी वाजवायला लागायचे, हे नवख्या वादकाला उमगत नसे. पण त्यामुळेच नाद तुटक न पडता खोल पाण्यातून वर यावा तसा उमटे. खालच्या पट्टीतील तंतुवाद्ये आधी जागी होत, त्यांच्यावर बाकीचे वाद्यवृंद उभे राहत. व्हिएन्नातील थोर संगीतशास्त्रज्ञ हाइन्रिख शेंकर याच्याशी त्याचा दीर्घकाळ विचारविनिमय चाले. सिंफनीचा चाळीस मिनिटांचा विस्तार हा एकाच बीजाचा विकास असतो आणि शेवटचा स्वर पहिल्या स्वराच्या पोटात असतो, हा विचार दोघांनाही प्रिय होता.

ज्या संचालकाला सारी सिंफनी एकाच श्वासात सांगायची आहे, त्याला जुन्या तबकड्यांचे तंत्र जाचक वाटावे यात नवल नाही. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत भरे. तेवढे वाजवायचे, थांबायचे, मेणाचा नवा पट्टा चढेपर्यंत वाट पाहायची आणि मग तुटलेला धागा पुन्हा हाती धरायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनी संपूर्ण राग साडेतीन मिनिटांत आटोपशीर बसविला. सिंफनीला तीही सोय नव्हती. १९३९ सालचे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी बीथोव्हेनची केवळ पाचवी सिंफनीच फुर्टवेंग्लरने मुद्रणगृहात दोनदा ध्वनिमुद्रित केली, याचे एक कारण हेच असावे. मैफलीत श्रोत्यांसमोर जे घडते, ते यंत्रापुढे घडत नाही अशी त्याची धारणा होती.

ही अडचण दूर केली ती चुंबकीय फितीने. जर्मनीतील एका विद्युत्-उद्योगाने बनविलेले ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र १९३५ साली बर्लिनच्या नभोवाणी-प्रदर्शनात प्रथम मांडले गेले. १९४० साली जर्मन नभोवाणीच्या संशोधकांनी त्यात उच्च वारंवारतेच्या प्रवाहाची योजना करून घरघर जवळजवळ नाहीशी केली. आता मैफल चालू असतानाच, श्रोत्यांदेखत, खंड न पाडता वीस-वीस मिनिटे मुद्रण करता येऊ लागले. फ्रीड्रिख श्नाप हा नभोवाणीचा मुद्रणकुशल अधिकारी फुर्टवेंग्लरच्या मैफली टिपू लागला. ज्या कलावंताचे खरे रूप केवळ मैफलीत प्रकट होत असे, त्याला मैफलीतच गाठणारे यंत्र अखेर निघाले. परंतु ते निघाले ते हिटलरच्या राज्यात, आणि त्याची चावी राज्याच्या नभोवाणीकडे होती.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तारूढ झाला आणि काही महिन्यांतच ज्यू कलावंतांना सार्वजनिक संस्थांतून हुसकावण्यास आरंभ झाला. एप्रिलमध्ये फुर्टवेंग्लरने प्रचारमंत्री गोबेल्सला अनावृत पत्र लिहिले. चांगली कला आणि वाईट कला एवढा एकच भेद आपण मानतो, असा त्याचा आशय होता. १९३४ च्या नोव्हेंबरात पाउल हिंडेमिथ या रचनाकाराच्या बचावार्थ त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्यावरून वादळ उठताच डिसेंबरात आपल्या साऱ्या अधिकारपदांचा त्याग केला. पण तो जर्मनी सोडून गेला नाही. आपला लेख संगीतकार या नात्याने लिहिला होता, राजकारणासाठी नव्हे, असे निवेदन करून १९३५ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला. तोवर वाद्यवृंदाची मालकी राज्याकडे गेली होती आणि त्याचा प्रमुख व्हायोलिनवादक शिमोन गोल्डबर्ग, जो ज्यू होता, १९३४ सालीच बाहेर पडला होता.

टोस्कानिनीने निराळा मार्ग धरला. १९३१ साली बोलोन्या येथे फॅसिस्टांचे गीत वाजविण्यास नकार दिल्याबद्दल त्याला मारहाण झाली. १९३३ साली त्याने बायरॉइथच्या वाग्नर-महोत्सवावर बहिष्कार घातला. पुढे तो अमेरिकेत राहिला. फुर्टवेंग्लरचे म्हणणे असे, की जर्मन संगीत जर्मन माणसांजवळ राहिले पाहिजे आणि दुर्दिनात त्यांना बीथोव्हेनची अधिकच गरज आहे. या म्हणण्यात प्रामाणिकपणा होता. त्याचबरोबर ज्या राज्याला सुसंस्कृततेचा मुखवटा हवा होता, त्याला तो मुखवटा या म्हणण्यामुळेच मिळाला.

हा सारा संदर्भ ध्यानात ठेवूनच युद्धकाळातील मुद्रिका ऐकाव्या लागतात. नवव्या सिंफनीचे मुद्रण २२ ते २४ मार्च १९४२ या दिवसांतील बर्लिनच्या मैफलींचे आहे. गायकवृंद ब्रूनो किटेल याचा होता. सिंफनीचा आरंभ एका उघड्या पंचमाने होतो. तंबोऱ्यातून षड्ज-पंचम घुमत राहावा आणि राग कोणता हे अद्याप कळू नये, तशी ती स्थिती आहे. फुर्टवेंग्लर हा आरंभ धुक्यासारखा ठेवतो. परंतु पहिल्या खंडाच्या मध्यावर तोच आरंभ पूर्ण बळानिशी परततो, तेव्हा या मुद्रणात टिंपनीचा गडगडाट सगळ्या वाद्यांवर कोसळतो. यंत्राला तो पेलत नाही आणि नाद फाटतो. १९५१ सालच्या मुद्रणात हाच भाग भव्य आहे. १९४२ साली तो भयानक आहे. संथ खंडात विलक्षण कोवळीक आहे. आणि शेवटी शिलरच्या आनंदगीताचा, सर्व मानवांच्या बंधुत्वाचा उद्घोष येतो, तेव्हा लय इतकी बेभान धावते की तो आनंद की आक्रोश असा प्रश्न पडावा.

ज्या शहरात हा बंधुत्वाचा घोष चालला होता, त्याच शहराच्या वानझे या उपनगरात २० जानेवारी १९४२ रोजी, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, ज्यूंच्या सामूहिक संहाराची कारभारी योजना अधिकाऱ्यांच्या बैठकीत मांडली गेली होती. बर्लिनमधून ज्यू कुटुंबांना आगगाड्यांत भरून पूर्वेकडे पाठविण्याचे काम १९४१ च्या ऑक्टोबरपासून सुरूच होते. मार्चच्या मैफलींनंतर महिन्याभरातच, १९ एप्रिल रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येस फुर्टवेंग्लरला हीच सिंफनी पुन्हा वाजवावी लागली. ते निमंत्रण तो आधीची वर्षे टाळीत आला होता; या वेळी टाळता आले नाही. मैफल संपल्यावर गोबेल्स त्याच्याशी हस्तांदोलन करीत असल्याचे चित्र त्या वेळच्या वार्तापटात आहे. ही मैफल निराळी आणि मार्चची निराळी. पण दोहोंची गफलत वारंवार केली जाते, आणि ती गफलतही अर्थपूर्ण आहे: लोकांच्या मनात तो नाद आणि ते चित्र एकमेकांस चिकटून बसले आहेत.

पाचव्या सिंफनीचे युद्धकालीन मुद्रण जून १९४३ मधील. त्या वेळी या सिंफनीच्या वाट्याला एक चमत्कारिक दैव आले होते. तिच्या आरंभीचे चार स्वर, तीन आखूड आणि एक लांब, हे मोर्स संकेतांत ‘व्ही’ या इंग्रजी अक्षराचे चिन्ह होते. विजयवाचक म्हणून १९४१ पासून लंडनची नभोवाणी तोच ठेका युरोपातील पराधीन देशांना ऐकवीत होती. एकाच रचनेचे चार स्वर शत्रूच्या आकाशवाणीवरून जर्मनीच्या पराभवाचे भाकीत करीत होते आणि बर्लिनच्या सभागृहात तेच स्वर जर्मन संस्कृतीचा मानबिंदू म्हणून दुमदुमत होते. बीथोव्हेन दोन्हींकडे होता. किंबहुना तो कोणत्याही एका पक्षाच्या खिशात मावणारा नव्हता.

त्या सभागृहाचे आयुष्यही आता थोडेच उरले होते. बर्नबुर्गर रस्त्यावरील जुने फिलहार्मोनी सभागृह ३० जानेवारी १९४४ रोजी बाँबवर्षावात जळाले. चौथ्या, पाचव्या आणि सातव्या सिंफनींच्या १९४३ सालच्या मुद्रणांत जो नाद घुमतो, तो या नष्ट वास्तूचा. दगडविटा गेल्या, तिचा प्रतिध्वनी तेवढा फितीवर राहिला.

युद्धकाळातील शेवटचे मोठे बीथोव्हेन-मुद्रण व्हिएन्नाचे. डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून फुर्टवेंग्लरने तिसरी सिंफनी, ‘एरोइका’, म्हणजे वीरगाथा, वाजवून घेतली. ती ज्या म्युझिकफेराइन या वास्तूत मुद्रित झाली, ती वास्तू ज्या संगीतसंस्थेची, तिच्याच संग्रहात या सिंफनीची एक ऐतिहासिक प्रत आहे. बीथोव्हेनने ही रचना बोनापार्टच्या नावाने केली होती. १८०४ साली बोनापार्टने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले, हे कळताच त्या प्रतीच्या मुखपृष्ठावरील ते नाव इतक्या त्वेषाने खोडले गेले की कागदाला भोक पडले. एका हुकूमशहाचे नाव खरवडून काढलेली सिंफनी दुसऱ्या एका हुकूमशहाच्या नभोवाणीसाठी त्याच संस्थेच्या दिवाणखान्यात वाजत होती! तिचा दुसरा खंड म्हणजे अंत्ययात्रेचे संचलन. तो ऐकताना कोणत्या वीराची ही अंत्ययात्रा, असे विचारावेसे वाटत नाही. सारे एक जगच खांद्यावरून चालले आहे असा भास होतो. पुढच्या महिन्यात व्हिएन्नात अखेरची मैफल करून फुर्टवेंग्लर फेब्रुवारी १९४५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निसटला.

यानंतर त्या फितींनी जो प्रवास केला, तोही इतिहासाचाच भाग आहे. १९४५ साली बर्लिन पडले आणि नभोवाणीच्या संग्रहातील पुष्कळ फिती विजेत्या सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेल्या. तेथे त्यांच्यावरून तबकड्या निघाल्या आणि पुढे त्या हळूहळू पश्चिमेकडील रसिकांच्या हाती पडल्या. अखेर १९८७ साली सोव्हिएत नभोवाणीने त्यांपैकी बऱ्याच फितींच्या प्रती पश्चिम बर्लिनच्या नभोवाणी केंद्राकडे परत केल्या. व्हिएन्नाच्या ‘एरोइका’ची कथा आणखी वेगळी. १९५३ साली अमेरिकेतील ‘युरेनिया’ नावाच्या कंपनीने ती परस्पर प्रसिद्ध केली. आपल्या संमतीवाचून हे झाले म्हणून फुर्टवेंग्लरने न्यायालयात दाद मागितली आणि ती मुद्रिका बाजारातून मागे घ्यावी लागली. आज तीच मुद्रिका त्याच्या सर्वश्रेष्ठ मुद्रिकांत गणली जाते. कलावंताने जे लोकांपुढे येऊ नये म्हणून धडपड केली, तेच काळाने त्याच्या नावावर सर्वांत वर लिहून ठेवले.

युद्धानंतर फुर्टवेंग्लरला संचालनाची बंदी झाली. डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिन येथे नाझी-संबंधांची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणापुढे त्याला उभे राहावे लागले. तो नाझी पक्षाचा सभासद कधीही नव्हता आणि कित्येक ज्यू वादकांना त्याने आडोसा दिला होता, अशा साक्षी तेथे झाल्या. त्याची निर्दोष मुक्तता झाली. २५ मे १९४७ रोजी बर्लिनच्या टिटानिया-पालास्ट या चित्रपटगृहात, कारण चांगले सभागृह उरलेच नव्हते, तो आपल्या वाद्यवृंदासमोर परत आला. कार्यक्रमात सर्व रचना बीथोव्हेनच्याच होत्या. शेवटी पाचवी सिंफनी होती. त्या दिवसांतील मैफलींची मुद्रणे उपलब्ध आहेत. १९४३ च्या पाचव्या सिंफनीत जो आवेश आहे, तो यांतही आहे. पण शेवटच्या खंडाच्या आधी अंधारातून उजेडाकडे जाणारा जो अरुंद रस्ता बीथोव्हेनने रचला आहे, तो येथे जास्त लांब वाटतो.

न्यायाधिकरणाने त्याला सोडले. सर्वांनी मात्र सोडले नाही. १९४८ साली शिकागोच्या वाद्यवृंदाने त्याला आमंत्रण दिले, तेव्हा व्लादिमीर होरोविट्झ, आर्थर रुबिनस्टाइन यांसारख्या विख्यात वादकांनी तो आल्यास आपण तेथे वाजविणार नाही असे बजावले आणि बेत फिसकटला. ज्यांचे आप्त त्या संहारात गेले, त्यांच्या या निषेधाला उत्तर देणे कठीण आहे. याउलट येहुदी मेनुहिन हा ज्यू व्हायोलिनवादक १९४७ साली आपण होऊन त्याच्याबरोबर वाजविण्यास गेला आणि त्याबद्दल त्याने स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. हाच मेनुहिन १९५२ साली पंडित नेहरूंच्या आमंत्रणावरून भारतात आला आणि त्याने दुष्काळनिवारणार्थ मुंबईसह अनेक शहरांत मैफली केल्या, हे भारतीय रसिकांना ठाऊकच आहे.

२९ जुलै १९५१ रोजी बायरॉइथचा महोत्सव युद्धानंतर प्रथमच उघडला. हिटलरच्या वावराने डागाळलेल्या त्या नाट्यगृहाची नवी सुरुवात वाग्नरच्या नाटकाने न करता बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीने करावी असे ठरले. १८७२ साली तेथे कोनशिला बसली, त्या दिवशी खुद्द वाग्नरने याच सिंफनीचे संचालन केले होते. फुर्टवेंग्लरच्या त्या मैफलीची मुद्रिका १९५५ साली, त्याच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली आणि नवव्या सिंफनीचा मानदंड म्हणून जगभर तिचा बोलबाला झाला. एलिझाबेथ ह्योंगेन ही गायिका १९४२ च्या बर्लिन-मुद्रणातही होती आणि या मुद्रणातही आहे. नऊ वर्षांच्या अंतराने, त्याच संचालकाच्या छडीखाली, तिने त्याच बंधुत्वाचा तोच स्वर लावला; मधल्या नऊ वर्षांत त्या शब्दाचे काय झाले होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

या दोन मुद्रणांची तुलना रसिकांनी अनेक वेळा केली आहे. १९५१ च्या मुद्रणात संथ खंड अधिक निवांत आहे. गायकवृंदाचा उद्घोष रुंद आणि उजळ आहे. शेवटच्या काही मात्रांत मात्र फुर्टवेंग्लर लय अशी काही भिरकावतो की वाद्ये एकमेकांच्या पायांत अडखळतात. १९४२ चे मुद्रण एक दुःस्वप्न आहे आणि १९५१ चे एक प्रार्थना आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच सावध व्हावे. १९४२ ही तारीख ठाऊक नसती, तर त्या गडगडाटात संहाराची छाया ऐकू आली असती काय? टिंपनीचा नाद फाटतो तो कलावंताच्या वेदनेने की यंत्राच्या मर्यादेने? आणि बायरॉइथच्या मुद्रिकेबद्दल तर आणखी एक शंका पुढे आली. २००८ साली बव्हेरियन नभोवाणीच्या संग्रहातील त्याच मैफलीची फीत प्रसिद्ध झाली, तेव्हा ती सुप्रसिद्ध मुद्रिकेशी सर्वत्र जुळत नाही असे आढळले. मैफलीचा आणि तालमीचा भाग जोडून ती सिद्ध केली असावी, असा तर्क निघाला. अर्धशतकभर ज्या नादाला लोक एका पवित्र रात्रीचा अखंड उच्चार मानत आले, तो कातर आणि चिकटपट्टी यांचेही काम होते. सनदेचा कागद जसा तपासावा लागतो, शाई, हस्ताक्षर, शिक्का पाहावा लागतो, तशीच ध्वनिमुद्रिकाही तपासावी लागते. ती ऐकू येते म्हणून ती खरीच आहे, असे नाही.

संपूर्ण नऊ सिंफनींचा संच फुर्टवेंग्लरने मुद्रणगृहात कधीच पुरा केला नाही. १९५० ते १९५४ या काळात व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह त्याने बऱ्याच सिंफनी मुद्रित केल्या. पण दुसरी राहूनच गेली आणि आठवीही. आज जो संच म्हणून मिळतो, त्यात दुसरी सिंफनी १९४८ च्या लंडनमधील मैफलीतून, आठवी त्याच वर्षीच्या स्टॉकहोमच्या मैफलीतून आणि नववी बायरॉइथहून आणून बसविलेली आहे. व्हिएन्नाची ही मुद्रणे शांत आणि भारदस्त आहेत. युद्धकाळातील मुद्रणांची आग त्यांत नाही. तोवर त्याची श्रवणशक्तीही क्षीण होऊ लागली होती. बीथोव्हेनला जे दुःख भोगावे लागले, तेच त्याच्या या भाष्यकाराच्या वाट्याला उतारवयात आले. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी बाडेन-बाडेनजवळ त्याचे निधन झाले.

मग या मुद्रिकांची साक्ष काय सांगते? त्या फुर्टवेंग्लरला दोषी ठरवीत नाहीत आणि निर्दोषही ठरवीत नाहीत. तो अधिकार नादाला नाही. मात्र त्याच्या एका आवडत्या सिद्धांताविरुद्ध त्या निःसंशय साक्ष देतात. कला आणि राजकारण यांच्यामध्ये भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या आत बसून आपण बीथोव्हेन निर्मळ ठेवू शकतो, असे त्याला वाटत होते. पण त्या मैफली टिपणारी फीत राज्याची होती, वाद्यवृंद राज्याचा होता, पहिल्या रांगेतील खुर्च्या राज्याच्या होत्या. भिंत असती, तर १९४२ ची नववी आणि १९५१ ची नववी यांत केवळ वयाचा फरक ऐकू आला असता.

त्याचबरोबर दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. ज्यांनी ती सिंफनी आपल्या वैभवाचा अलंकार म्हणून मागविली, त्यांना ती अलंकारासारखी वापरता आली नाही. त्यांचे राज्य बारा वर्षांत मातीस मिळाले. आणि त्यांच्याच यंत्राने टिपून ठेवलेल्या फितीवर, सर्व माणसे एकमेकांची भावंडे आहेत हे सांगणारा तो घोष, त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून, आजही वाजतो आहे. श्रोत्याने तो ऐकावा. मात्र ऐकताना तारीख विसरू नये, आणि तारखेच्या भाराखाली संगीतही विसरू नये. ही दोन्ही भाने एका वेळी सांभाळणे सोपे नाही. पण बीथोव्हेनच्या या सिंफनी सोप्या श्रवणासाठी लिहिलेल्या नव्हत्या, आणि तो काळही सोप्या निवाड्याचा नव्हता.